भास्कराचार्य आणि पृथ्वीची आकर्षणशक्ती

देवासच्या चामुंडा टेकडीच्या पायऱ्या चढताना एखाद्याच्या पायाला लागून दगड निसटतो आणि गडगडत खाली जातो. धारच्या बागेत झाडावरची चिंच देठापासून सुटते आणि जमिनीवर येऊन पडते. आधार सुटलेली वस्तू खाली पडते हे तान्ह्या मुलालाही ठाऊक असते. आणि म्हणूनच ती खाली का पडते, असे विचारावेसे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नित्य दिसणाऱ्या गोष्टीचे कारण शोधू लागणे हे थोर बुद्धीचे लक्षण होय. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचा खोल विचार करणारे एक महान गणिती आपल्या देशात होऊन गेले. त्यांचे नाव भास्कराचार्य. त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या घराण्याचा आपल्या धारानगरीशी संबंध होता, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तसेच, पडणाऱ्या वस्तूंविषयी त्यांनी नेमके काय सांगितले आणि काय सांगितले नाही, याचीही नीट माहिती नसते. काही जण त्यांना न्यूटनच्याही पुढे नेऊन बसवितात, तर काही जणांना त्यांचे नाव घेण्याचेही कारण दिसत नाही. या दोन्ही टोकांपासून दूर राहून त्यांचे चरित्र समजून घेणे हेच त्यांना शोभेल.

महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या रांगेच्या पायथ्याशी, पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या मंदिरातील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विख्यात संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. तिचा आरंभ त्रिविक्रम नावाच्या पुरुषापासून होतो. त्रिविक्रमाचा पुत्र भास्करभट्ट. या भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असे शिलालेख सांगतो. भास्करभट्टानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्या झाल्या, आणि महेश्वरांच्या पोटी आपले चरित्रनायक भास्कराचार्य जन्मास आले.

परमारवंशीय भोजराजाची राजधानी धारा, म्हणजेच आजचे धार. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणारा हा राजा स्वतः विद्वान होता. शिल्पशास्त्रावरील समरांगणसूत्रधार हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. तसाच राजमृगांक हा ज्योतिषाचा ग्रंथही त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे, आणि त्यातील गणिताचा आरंभ शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२, या वर्षापासून धरलेला आहे. अशा राजाच्या हातून घराण्यातील एका पूर्वजाचा गौरव झाला आणि त्याची आठवण त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. राज्ये येतात आणि जातात. परंतु विद्येचा सन्मान एकदा झाला की तो पुढील कित्येक पिढ्यांना अभ्यासाची प्रेरणा देत राहतो, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. आपले गोत्र शांडिल्य असून आपण सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या गावचे राहणारे आहोत, असेही त्यांनी सांगितले आहे. हे गाव कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि पाटणच्या शिलालेखावरून ते त्याच परिसरात असावे, असे अनेकांचे मत आहे. त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गणित आणि ज्योतिष ही विद्या त्यांना अशी घरातच लाभली.

त्या काळी ज्योतिष्याचे काम सोपे नव्हते. दुर्बीण नव्हती. लंबकाचे घड्याळ नव्हते. जमिनीत उभा रोवलेला शंकू, त्याची सावली, कोन मोजण्याची काही साधी यंत्रे आणि घटिकापात्र एवढीच साधने होती. घटिकापात्र म्हणजे तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे. ते पाण्यावर ठेवले की हळूहळू भरते आणि एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटे झाली की बुडते. एवढ्या साधनांवर सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची स्थाने ठरवायची आणि ग्रहणाची वेळ आधी सांगायची, हे केवळ बुद्धीच्या आणि चिकाटीच्या बळावरच शक्य होते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला महान ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. त्यांतील लीलावती हा अंकगणिताचा भाग शेकडो वर्षे पाठशाळांतून शिकविला गेला. त्यातील उदाहरणे मोठी मनोरंजक आहेत. ३२ हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला, असा एक प्रश्न आहे. काटकोन त्रिकोणाचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला १२ हात हे उत्तर चटकन काढता येईल. दुसऱ्या एका उदाहरणात ९ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. २७ हातांवरून बिळाकडे येणाऱ्या सापावर मोर तिरकी झेप घेतो. दोघेही सारखेच अंतर कापतात, तर त्यांची गाठ बिळापासून किती अंतरावर पडेल? येथेही उत्तर १२ हातच येते. असे प्रश्न सोडविताना मुलांना गणिताचा कंटाळा येत नसे.

ग्रंथाला लीलावती हे नाव का दिले, याविषयी एक आख्यायिका आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या लग्नाची घटका साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. ती कौतुकाने पाण्यात डोकावत असता तिच्या अंगावरचा एक मोती त्या पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. तिचे दुःख हलके करण्यासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असे सांगतात. ही कथा भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात नाही. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आढळते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीचा विचार केला आहे. पृथ्वी वाटोळी आहे आणि ती अवकाशात कोणत्याही आधारावाचून राहिली आहे, हे मत त्यांच्यापूर्वीच्या ज्योतिष्यांचेही होते. लोहचुंबकांच्या मधोमध लोखंडाचा गोळा अधांतरी राहावा तशी पृथ्वी आहे, असे अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात म्हटले होते. वस्तूंना स्वतःकडे ओढणे हा पृथ्वीचा स्वभावच आहे, असे सातव्या शतकात ब्रह्मगुप्तानेही सांगितले होते. भास्कराचार्यांनी हा विचार अधिक स्पष्टपणे आणि युक्तिवादासह मांडला.

पृथ्वी कोणाच्या तरी आधारावर आहे असे सामान्य लोक मानीत. त्यावर भास्कराचार्यांचे म्हणणे असे, की त्या आधाराला दुसरा आधार हवा, दुसऱ्याला तिसरा हवा, आणि असे मानीत गेल्यास त्याला अंतच राहणार नाही. शेवटी कोणत्या तरी एकात स्वतःच्या बळावर राहण्याची शक्ती मानावी लागणारच, तर ती पहिल्याने पृथ्वीतच का मानू नये? किती साधा, पण किती बिनतोड हा विचार!

मग पृथ्वी खाली का पडत नाही? याचे उत्तर देताना त्यांनी आकृष्टिशक्तीची कल्पना मांडली. पृथ्वीच्या ठायी ओढून घेण्याची शक्ती आहे. तिच्या योगे ती आकाशातील जड वस्तूला आपल्याकडे ओढते, आणि आपल्याला मात्र ती वस्तू पडते आहे असे दिसते. वस्तू पडते म्हणजे ती पृथ्वीकडे येते. पृथ्वीच्या सभोवती तर सगळीकडे सारखेच आकाश आहे. तेव्हा खुद्द पृथ्वीने पडावे तरी कोणीकडे, असा त्यांचा प्रश्न आहे.

या विचाराचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपण ज्याला खाली म्हणतो ती विश्वातील एक ठराविक दिशा नव्हे. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. म्हणूनच पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला राहणारी माणसे पडत नाहीत. नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब पाण्यात उलटे दिसते, तशी ती माणसे आपल्या कल्पनेत उलटी भासली, तरी आपण येथे उभे आहोत तितक्याच निर्धास्तपणे तीही तेथे उभी आहेत, असे भास्कराचार्यांनी समजावून दिले. पृथ्वी वाटोळी असूनही सपाट का दिसते, याचेही कारण त्यांनी सांगितले. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. मनुष्य इतका लहान आणि पृथ्वी इतकी मोठी, की तिचा अगदी थोडा भाग आपल्या दृष्टीस पडतो.

याच ठिकाणी त्यांनी एका जुन्या मताचे खंडन केले आहे. पृथ्वी जड असल्यामुळे ती अवकाशात सतत खाली खाली पडत आहे, असे बौद्ध पंडितांपैकी काही जणांचे मत होते. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच भाष्य लिहिले आहे. त्यात ते म्हणतात, की वर सोडलेला बाण पुन्हा जमिनीवर येतो हे आपण रोज पाहतो. पृथ्वी खाली जात असती तर बाण आणि पृथ्वी दोन्ही खालीच चालली असती, आणि बाण तिला गाठू शकला नसता. बाण वेगाने पडतो आणि पृथ्वी सावकाश पडते, म्हणून तो तिला गाठतो, असेही म्हणता येणार नाही. कारण जी वस्तू अधिक जड ती अधिक वेगाने पडते. आणि बाणाच्या मानाने पृथ्वी तर अतिशय जड आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे भास्कराचार्यांचे विधान बरोबर नाही. ग्रीसमधील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याचेही हेच मत होते आणि युरोपात ते कित्येक शतके मानले गेले. पीस तरंगत येते आणि दगड धपकन पडतो हे रोज दिसत असल्यामुळे कोणालाही तसेच वाटावे, यात नवल नाही. परंतु पिसाला अडविणारी हवा असते. तेथे हलकेपणाला एकट्याला दोष देता येत नाही. एक लहान आणि एक मोठा असे दोन दगड घेऊन ते एकाच उंचीवरून एकदम सोडले, तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर येतात.

पडणाऱ्या दगडाचा वेग मोजणे त्या काळी फार कठीण होते, हे खरे. घटकेचा साठावा भाग म्हणजे एक पळ. ते २४ सेकंदांचे असते. आणि घराच्या छपरावरून सोडलेला दगड दोन सेकंदांच्या आतच जमिनीला लागतो. घटिकापात्र येथे निरुपयोगीच. परंतु दोन दगड एकदम सोडून पाहण्यासाठी घटिकापात्र लागत नाही. एवढी साधी परीक्षा कोणी करून पाहिली असती, तर हे मत तेव्हाच दूर झाले असते. ग्रहांच्या बाबतीत गणिताचा पडताळा आकाशात पाहणारी दृष्टी हातातील दगडाकडे मात्र वळली नाही.

याहूनही नवलाची गोष्ट म्हणजे, पडणाऱ्या वस्तूचा अभ्यास करण्यासाठी जे गणित लागते, त्याचे बीज भास्कराचार्यांच्या हाती होते. ग्रहाची गती सदैव सारखी नसते. म्हणून एका दिवसातील सरासरी गतीवर न थांबता त्या त्या क्षणाची गती काढण्याची रीत त्यांनी दिली आणि तिला तात्कालिक गती असे नाव दिले. चंद्र फार त्वरेने चालतो, म्हणून त्याच्यासाठी हीच गती घ्यावी, असेही त्यांनी सांगितले. पडणाऱ्या दगडाचा वेगही क्षणोक्षणी वाढत असतो. चंद्रासाठी केलेला हा विचार दगडासाठी केला असता तर काय झाले असते, असे आज आपल्याला वाटते. परंतु दगडाच्या पडण्यात गणित दडलेले असेल, हे त्या काळी जगात फारच थोड्यांना सुचले होते.

या उणिवेमुळे भास्कराचार्यांची थोरवी कमी होत नाही. उलट, कारण दिल्यावाचून काहीही मानू नये, ही त्यांचीच शिकवण होती. ज्याला नुसते आकडेमोडीचे नियम येतात, पण गोलाचे ज्ञान नाही, असा गणिती म्हणजे तुपावाचून जेवण किंवा राजावाचून राज्य, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला आणि ग्रहगणिताच्या सोप्या रीती त्यात दिल्या. उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नव्हती.

त्यांच्या मागे घराण्यातील विद्या चालू राहिली. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. चांगदेवांनी पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला. इ. स. १२०७ च्या सुमारास निकुंभ वंशातील सोइदेव याने त्या मठाला दान दिले. ज्या शिलालेखातून धारच्या विद्यापती पदवीची हकीकत आपल्याला कळते, तो याच मठाचा आहे. त्यातील काही मजकूर जुन्या मराठीत आहे आणि गावातील खरेदीविक्रीवरील करांचा वाटा या पाठशाळेला लावून दिल्याचे त्यात नमूद आहे. बाजारातील पैशातून ज्योतिषाची पाठशाळा चालावी, ही व्यवस्था खरोखर कौतुकास्पद होय.

भास्कराचार्यांनी जेथे विचार सोडला, तेथून तो पुढे नेण्याचे काम युरोपात झाले. फैजीने लीलावतीचे भाषांतर पुरे केले त्याच सुमारास, इ. स. १५८६ मध्ये, सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिशाचे दोन गोळे घेतले. एक दुसऱ्याच्या दसपट जड होता. दोन्ही ३० फुटांवरून एकदम खाली फळीवर सोडले, तेव्हा दोघांचा आवाज एकच ऐकू आला. पुढे इटलीतील गॅलिलिओने पडण्याचा वेग मोजण्याची युक्ती काढली. सरळ पडणारी वस्तू हाती लागत नाही, म्हणून त्याने उतरत्या फळीवरून गोळी घरंगळत सोडली आणि भांड्यातून झिरपलेले पाणी तोलून वेळ मोजला. वेळ दुप्पट झाला तर अंतर चौपट होते आणि तिप्पट झाला तर नऊपट होते, असे त्याला आढळले. हा नियम त्याने इ. स. १६३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आजच्या मापाने सांगायचे, तर हवेचा अडथळा सोडल्यास कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदाअखेर ४.९ मीटर, दुसऱ्याअखेर १९.६ मीटर आणि तिसऱ्याअखेर ४४.१ मीटर खाली येते.

इ. स. १६८७ मध्ये इंग्लंडच्या न्यूटनने त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली. ओढून घेण्याची शक्ती एकट्या पृथ्वीतच नाही. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, आणि अंतर दुप्पट झाले की ही ओढ चौथा हिस्सा उरते. हलकी व जड वस्तू सारख्याच वेगाने का पडतात, याचाही उलगडा झाला. दुप्पट जड दगडाला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते; परंतु त्याला हलविण्यासही दुप्पट जोर लागतो. म्हणून हिशेब बरोबरीचा होतो. चंद्रसुद्धा पृथ्वीकडे पडतच असतो. सरळ रेषा सोडून तो दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. परंतु तो पुढेही जात असल्यामुळे जमिनीला न लागता पृथ्वीभोवती फिरत राहतो.

भास्कराचार्यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच मिळते. पृथ्वीने पडावे तरी कोणीकडे, असे त्यांनी विचारले होते. पृथ्वी सूर्याकडे पडत आहे! चंद्राप्रमाणेच ती सरळ मार्ग सोडून दर सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर सूर्याकडे वळते आणि पुढे जात जात त्याच्याभोवती फिरते. भास्कराचार्य पृथ्वीला स्थिर आणि विश्वाच्या मध्यभागी मानीत. म्हणून हे उत्तर त्यांना दिसू शकले नाही. ज्या प्रतिपक्षाचे त्यांनी खंडन केले, त्याच्या म्हणण्यात सत्याचा एक कण होता. मग बाण परत कसा येतो? बाण आणि पृथ्वी सूर्याकडे अगदी सारख्याच प्रमाणात पडतात, म्हणून त्या पडण्याने दोघांच्या अंतरात फरक होत नाही. आणि पृथ्वीची स्वतःची ओढ बाणाला परत आणते. जड आणि हलके सारखेच पडतात, या एका गोष्टीने सारा वाद मिटतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथाचा आणि माळव्याचा संबंध पुन्हा एकदा आला, तो एकोणिसाव्या शतकात. देवासहून भोपाळला जाणाऱ्या रस्त्यावर सीहोर लागते. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन तेथे राहत असत आणि तेथील संस्कृत पाठशाळेकडे त्यांचे विशेष लक्ष होते. पृथ्वी वाटोळी आहे हे मुलांना परक्या पुस्तकांतून सांगण्यापेक्षा त्यांच्याच देशातील सिद्धांतग्रंथांवरून पटवावे, आणि तेथून पुढे कोपर्निकसच्या नव्या मताकडे न्यावे, अशी त्यांची पद्धत होती. याच पाठशाळेत इ. स. १८३८ च्या सुमारास पुण्यास जन्मलेला एक मराठी तरुण अभ्यासासाठी आला. तेच पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेतील अध्यापक म्हणून कीर्ती मिळविणारे बापूदेव शास्त्री होत. विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासले आणि ते इ. स. १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीचे महत्त्वही बापूदेवांनीच इंग्रजी लेख लिहून जगापुढे आणले. धारच्या दरबारात ज्या घराण्याचा गौरव झाला, त्याच घराण्यातील ग्रंथाला नवे वाचक मिळवून देण्यात सीहोरच्या पाठशाळेचा असा मोठा वाटा आहे.

गॅलिलिओच्या नियमाची एक सुंदर परीक्षा इ. स. १९७१ मध्ये झाली. चंद्रावर हवा नाही. तेथे उतरलेल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबरच चंद्रभूमीवर टेकले.

पुढे आपल्या देशाने इ. स. १९७९ आणि इ. स. १९८१ मध्ये भास्कर नावाचे दोन कृत्रिम उपग्रह अवकाशात पाठविले. सातव्या शतकातील पहिले भास्कर आणि आपले भास्कराचार्य या दोन्ही गणितज्ञांच्या स्मरणार्थ ते नाव दिले होते. उपग्रह म्हणजे तरी काय? पृथ्वीच्या ओढीने सतत पडत असलेली, पण पुढे जाण्याच्या वेगामुळे जमिनीला न लागणारी वस्तू. पडणाऱ्या वस्तूचा विचार करणाऱ्या पुरुषाला याहून उचित स्मारक कोणते?

भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सगळा नियम सांगितला, असे म्हणणे खरे नाही. त्यांनी काहीच सांगितले नाही, असे म्हणणेही तितकेच खोटे आहे. खाली म्हणजे पृथ्वीकडे, आणि वस्तू पडते ती पृथ्वीच्या ओढीने, हे त्यांनी युक्तिवादाने मांडले. ती ओढ किती, ती कशी बदलते आणि पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढतो, हे पुढच्यांनी मोजून दाखविले. एके ठिकाणी ते चुकले, आणि ती चूक दाखविण्यास दोन दगड पुरेसे आहेत. थोर पुरुषाला वंदन करावे आणि त्याच्या वचनाची परीक्षाही करावी. भास्कराचार्यांनी आपल्या पूर्वसूरींच्या बाबतीत तेच केले होते. शाळेतून घरी गेल्यावर लहानमोठे दोन दगड घेऊन ते एकाच उंचीवरून अंगणात सोडून पाहावेत आणि कान देऊन आवाज ऐकावा. विद्यापतींच्या या वंशजाचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.